तपकिरी कागदाची साक्ष

#धागा

१/ मोटरबोटीच्या मागच्या टोकाला, पाण्यात बुडालेले अ‍ॅल्युमिनियमचे एक कवच असते. इंजिनाची शक्ती प्रॉपेलरपर्यंत नेणारे गिअर त्यात तेलात फिरत असतात. खाऱ्या पाण्यात या कवचावर पांढरी भुकटी धरते. ती खरवडली की खाली खड्डे दिसतात. खड्डा आरपार गेला की तेलात पाणी शिरते आणि गिअर निकामी होतात. या खड्ड्यांच्या दुरुस्तीची कथा सुरू होते अठराव्या शतकातील एका युद्धनौकेपासून.

२/ ‘अलार्म’ ही ब्रिटिश आरमाराची ३२ तोफांची फ्रिगेट. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांपासून तळ वाचावा म्हणून १७६१ मध्ये तिला तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजहून परतल्यावर १७६३ मध्ये तपासणी झाली. किड्यांचा उपद्रव टळला होता. पण अनेक पत्रे सुटले होते, कारण त्यांना धरून ठेवणारे लोखंडी खिळेच कुजले होते.

३/ काही खिळे मात्र बऱ्यापैकी शाबूत होते. तांब्याचे पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते आणि तो कागद काही खिळ्यांच्या डोक्याखाली अडकून राहिला होता. जिथे कागद आड आला, तिथे लोखंड तांब्याला भिडले नाही आणि वाचले. निरीक्षण अचूक होते. त्याचा उलगडा करणारे विज्ञान मात्र अजून जन्मायचे होते. व्होल्टाची विद्युतघटमाला १८०० सालची.

४/ अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ब्रिटिश ताफ्याला घाईघाईने तांबे चढले. मधे आवरण घालूनही पाणी झिरपलेच आणि जहाजाचा सांगाडा जखडणारे लोखंडी बोल्ट आतून झिजत राहिले. अखेर १७८० च्या दशकात ते बोल्टच तांब्याच्या मिश्रधातूचे करण्यात आले.

५/ १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी हे कोडे विजेच्या भाषेत सोडवले. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडले, तर अधिक क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. म्हणजे तांब्याला जस्ताचा किंवा बिडाचा छोटा तुकडा जोडला, की तुकडा झिजेल आणि तांबे टिकेल. या प्रयोगासाठी वापरलेल्या जहाजांपैकी ‘समरंग’ आपल्या कोचीनला बांधलेले होते!

६/ तांबे खरोखरच वाचले. पण जहाजे मंदावली. झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच तळावर शेवाळ आणि शिंपले धरत नसत. झीज थांबली, तसे विषही थांबले. आरमाराने काही वर्षांतच ही योजना गुंडाळली. तत्त्व मात्र टिकले.

७/ १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीमुळे अ‍ॅल्युमिनियम स्वस्त झाले. १९५९ मध्ये व्होल्वो पेंटाने ‘अक्वामॅटिक’ आणले : इंजिन बोटीच्या आत, ड्राइव्ह मागे बाहेर. अशा ड्राइव्हसाठी अ‍ॅल्युमिनियमची हलकी ओतीव कवचे रूढ झाली. त्यांच्या शेजारी स्टेनलेस स्टीलचा प्रॉपेलर आला, की ‘अलार्म’चाच खेळ पुन्हा सुरू. फरक इतकाच, की या वेळी बळी अ‍ॅल्युमिनियमचा.

८/ अ‍ॅल्युमिनियमला ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराचे संरक्षण असते. मिठातील क्लोराइड तो थर एखाद्या ठिकाणी भेदते. त्या खड्ड्यातील पाणी आम्लधर्मी होत जाते आणि झीज स्वतःच स्वतःला पोसते. म्हणून वरून टाचणीएवढा दिसणारा खड्डा आत बराच खोल असू शकतो.

९/ म्हणूनच दुरुस्ती तळापासून करावी लागते. चकाकता धातू दिसेपर्यंत भुकटी कोरून काढायची, गोड्या पाण्याने मीठ धुवायचे, कवच पूर्ण वाळवायचे. उथळ खड्ड्यात अ‍ॅल्युमिनियमयुक्त इपॉक्सी भरतात. भिंत पातळ झाली असेल तर आर्गॉन वेल्डिंग; पण धातूत तेल वा मीठ उरले तर जोड सच्छिद्र होतो. सील बसतो तो पृष्ठभाग पुन्हा यंत्रावर अचूक करून घ्यावा लागतो. शेवटी प्रायमर आणि रंग. तांबेयुक्त रंग मात्र नको. तो लावणे म्हणजे ‘अलार्म’ची चूक स्वतःच्या हाताने करणे.

१०/ आणि तरीही, कारण तसेच ठेवून नुसता खड्डा बुजवला तर शेजारी नवा पडणारच. खाऱ्या पाण्यातल्या ड्राइव्हवर जस्ताचा किंवा खास अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा अ‍ॅनोड बसवतात, तो डेव्हींच्या तुकड्याचाच वारस. त्यावर रंग लावू नये, त्याचा धातूशी थेट संपर्क ठेवावा, आणि निम्मा झिजला की बदलावा. झिजलेला अ‍ॅनोड पाहून हळहळू नये; झिजणे हेच त्याचे काम. काळजी करावी ती वर्षभर पाण्यात राहूनही कोरा करकरीत दिसणाऱ्या अ‍ॅनोडची. त्याच्या वाट्याची झीज बहुधा कवच सोसत असते.