पर्जन्यमापक आणि घराचा पत्ता

भारतातील पर्जन्यमापन केंद्रांत दिवसाचा हिशेब मध्यरात्री मिटत नाही. तो सकाळी साडेआठ वाजता मिटतो. आदल्या सकाळी साडेआठपासून पडलेला पाऊस मापून वहीत उतरविला जातो आणि तोच त्या दिवसाचा पाऊस म्हणून इतिहासात जमा होतो. ही नोंद सर्वांच्या मालकीची होय. पेरणी, धरणातील पाण्याची वाटणी, दुष्काळाची घोषणा आणि पीकविम्याची भरपाई अशा अनेक गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. परंतु ही नोंद करणारा मनुष्य कोण, त्याचे घर कोठे, हे किती लोकांना कळावे? हा प्रश्न पूर्वी फारसा कोणाला पडला नाही. आज तो का पडावा, हे समजून घेण्यासाठी या वहीची मागील पाने उलटून पाहणे उचित ठरेल.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोठारात हातभर रुंद तोंडाचे कुंड पर्जन्य मापण्यासाठी ठेवावे असे सांगितले आहे. निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची मापेही तेथे द्रोणांत दिली आहेत. आणि अपरान्ताचा, म्हणजे कोकणपट्टीचा, पाऊस मात्र अमित म्हटला आहे. हे कुंड कोठारातच का, याचे उत्तर उघड आहे. पावसावर पीक आणि पिकावर सारा ठरावयाचा. पर्जन्याची नोंद हे राजकार्य होते. ती ठेवणारा सेवक खासगी व्यक्ती म्हणून तेथे उभाच नव्हता.

कंपनी सरकारच्या अमदानीतही ही परंपरा फारशी बदलली नाही. कर्नल विल्यम साईक्स यांनी १८२५ पासून काही वर्षे दख्खनच्या हवेचे वेध घेतले आणि १८३५ मध्ये त्यांचा प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली व १८४१ पासून तेथे हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली तेथे काम करणाऱ्यांत केरो लक्ष्मण छत्रे हे तरुण गृहस्थ होते. पुढे पुण्यास प्राध्यापक म्हणून नावाजलेल्या या गणितज्ञाची उमेदीची वर्षे या वेधशाळेत गेली, ही गोष्ट मराठी माणसाने स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

१८६४ चे कलकत्त्याचे भीषण चक्रीवादळ, आणि त्यानंतर १८६६ व १८७१ मध्ये हुलकावणी दिलेला पावसाळा, या आपत्तींनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते अस्तित्वात आले. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. देशभर तहसील कचेऱ्यांच्या आवारांत पर्जन्यमापके बसली. छत्तीसगडातील दुर्ग जिल्हा १९०६ मध्ये निर्माण झाला, तो मध्य प्रांतात; आणि त्या भागाची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर हीच होती. तेथील पीकपाण्याची वार्ता नागपूरच्या दप्तरात जमा होत असे. या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती. पर्जन्यमापक कचेरीत, नोंदवही कचेरीत, आणि नोंदणारा कारकून संध्याकाळी आपल्या घरी. त्याच्या घराचा या वहीशी काही संबंध नव्हता.

हा संबंध प्रथम जोडला तो हौशी निरीक्षकांनी. इंग्लंडात जॉर्ज सायमन्स यांनी १८६० मध्ये स्वयंसेवी पर्जन्यनिरीक्षकांची संघटना उभारली. आरंभी तिच्यात १६८ ठिकाणच्या नोंदी होत्या. १९०० मध्ये सायमन्स यांचे निधन झाले तेव्हा ही संख्या तीन हजारांवर गेली होती. पाद्री, वैद्य, जमीनदार, शिक्षक अशी सर्व थरांतील मंडळी आपल्या बागेत मापक रोवून बसली. त्यांची नावे आणि ठिकाणे दर वर्षीच्या ग्रंथात छापली जात, आणि त्यात त्यांना भूषणच वाटे. अमुक गावच्या अमुक गृहस्थाने मापले आहे, हीच त्या आकड्याची हमी होती. आपल्याकडील तहसील कचेऱ्यांत जे साधे पर्जन्यमापक वर्षानुवर्षे वापरले गेले, तेही सायमन्स यांच्याच नावाने ओळखले जाते.

दुसऱ्या महायुद्धात या व्यवहाराला वेगळेच वळण लागले. शत्रूच्या विमानांस उपयोग होऊ नये म्हणून १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये नभोवाणीवरील हवामानाची वार्ता बंद झाली, ती युरोपातील युद्ध संपल्यावर १९४५ मध्येच पुन्हा ऐकू आली. जर्मनांनी तर १९४३ मध्ये लॅब्रडोरच्या निर्जन किनाऱ्यावर पाणबुडीतून उतरून एक स्वयंचलित हवामान केंद्र गुपचूप उभे केले आणि ते कॅनडाचेच आहे असे भासविले. म्हणजे हवेचा आकडाही गुपित होऊ शकतो, हे जगाला उमगले. तथापि ते गुपित राष्ट्राचे होते, व्यक्तीचे नव्हते.

व्यक्तीच्या गुपिताचा प्रश्न आला तो आपल्या काळात. आता हजार-दोन हजार रुपयांच्या तापमापकापासून गच्चीवरील पूर्ण केंद्रापर्यंत सर्व काही बाजारात मिळते. दुर्ग-भिलाईच्या परिसरातील मोहन नगरसारख्या वस्तीत एखाद्या मराठी कुटुंबाने गच्चीवर असे केंद्र बसविले, अशी कल्पना करावी. उन्हाळ्यात तेथला पारा पंचेचाळीस अंशांकडे धावतो. आपल्या गल्लीची हवा शहराच्या हवेहून किती निराळी, हे जाणण्याची जिज्ञासा स्वाभाविक आहे. यंत्र दर काही मिनिटांनी तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस जगाच्या नकाशावर पाठवू लागते.

पण अशा अनेक संचांत एक भाग घराच्या आत असतो आणि तो खोलीचे तापमान व आर्द्रताही मोजतो. ऐन वैशाखात रोज दुपारी उतरणारे खोलीचे तापमान चार दिवस सलग चढेच राहिले, तर वातानुकूलन बंद आहे व घरी कोणी नाही, हे ताडण्यास ज्योतिषी लागत नाही. त्यात केंद्राचे स्थान अक्षांश-रेखांशांसह दिलेले. अक्षांशाच्या अंकात दशांशानंतर दोन स्थळे दिली तर सुमारे एक किलोमीटरचा टापू सूचित होतो; चार स्थळे दिली तर अकरा मीटरांचा, म्हणजे नेमके ते घर. कचेरीतल्या कारकुनाचे जे घर वहीबाहेर राहिले होते, ते आता वहीच्या पहिल्याच रकान्यात आले.

शिवाय दिलेली नोंद कोणाच्या हाती जाईल याचाही भरवसा नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील उपक्रमातून १९९५ मध्ये निघालेल्या वेदर अंडरग्राउंड या संस्थेला असंख्य हौशी निरीक्षक विनामूल्य नोंदी देत आले. ती २०१२ मध्ये एका मोठ्या हवामान कंपनीकडे आणि २०१६ मध्ये आय.बी.एम.कडे गेली. मालक बदलले, गच्चीवरची यंत्रे पूर्ववत नोंदी पाठवीत राहिली.

मग स्थान लपवावे, हा यावर उपाय काय? तो सरसकट योग्य नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर नोंदला गेला. पावसाचे स्थान चुकले तर पावसाचा अर्थच चुकतो. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून महसूल मंडळांत दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रे उभारली ती याच कारणासाठी. मापकाजवळ भिंत आहे की झाड, तो जमिनीवर आहे की गच्चीवर, हे ठाऊक असल्याशिवाय शास्त्रज्ञ त्या आकड्यावर विसंबू शकत नाही. निनावी नोंद ही बेवारस नोंद होय.

कायद्याचा आधारही येथे मर्यादितच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. परंतु ज्या व्यक्तीने आपली माहिती स्वतःच सार्वजनिक केली, त्या माहितीस हा कायदा लागू होत नाही. म्हणजे उत्साहाच्या भरात ज्याने घराचा नेमका ठिकाणा नकाशावर टाकला, त्याने कवच आपल्याच हाताने उतरवून ठेवले असे होते.

मार्ग मात्र आपल्या परंपरेतच सापडतो. १९४८ च्या जनगणना कायद्याने प्रगणकाला घराघरातील माहिती विचारण्याचा अधिकार दिला, आणि त्याच कायद्याने त्या घरांचे कागद पाहण्यास व पुराव्यात आणण्यास मनाई केली. एकूण संख्या सर्वांची; कुटुंबाचा कागद मात्र बंद. हवामानाच्या हौशी नोंदींनाही हाच न्याय लावता येईल. नेमके स्थान, उंची, भोवतालचे वर्णन हे अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या दप्तरी असावे. सार्वजनिक नकाशावर स्थान किलोमीटरभर ढोबळ असावे. खोलीतील आकडे घराबाहेर जाऊच नयेत. आणि केंद्राला मालकाच्या नावाऐवजी वस्तीचे नाव असावे. यांपैकी अखेरच्या तीन गोष्टी बहुधा यंत्र बसविणाऱ्याच्याच हाती असतात, आणि त्या पहिल्याच दिवशी केलेल्या बऱ्या. कारण एकदा जगभर गेलेला आकडा परत बोलाविता येत नाही.

सायमन्सच्या निरीक्षकांनी नावे दिली ती विश्वासाने, आणि त्या विश्वासाचे फळ चिरकाल टिकले. २०२० मध्ये ब्रिटनमधील हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या जुनी हस्तलिखित पर्जन्यपत्रके उतरवून काढली, तेव्हा कोण्या विस्मृत खेड्यातल्या निरीक्षकाने मापलेला पाऊसही शास्त्राच्या कामी आला. मोहन नगरच्या गच्चीवर मोजलेला आजचा पाऊसही असाच शंभर वर्षांनी कोणाच्या तरी उपयोगी पडेल. त्यासाठी तो मोजला जाणे अवश्य आहे. आणि तो मोजणाऱ्याला आपल्या घराचे दार जगासाठी सताड उघडे ठेवावे लागू नये, हेही तितकेच अवश्य आहे.