शाळेमागचा झोका

आपल्या नरखेडच्या शाळेमागच्या कडुलिंबाचा झोका आठवतो? धक्का वेळेवर बसला तरच तो चढतो, असे सांगून सरांनी अनुनाद शिकवला, तेव्हा मी हसलो होतो.

१९६५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉर्डमेन आणि मिलर यांनी लिथियम नायोबेटच्या स्फटिकातून लेसरच्या एका रंगाचे दोन नवे रंग केले. स्फटिकाचे तापमान बदलले की रंग बदलत. बारामतीत जन्मलेले कुमार पटेल तेव्हा तिथेच लेसरवर काम करीत होते. पुढे लेसरचे स्पंद आरशांमधल्या प्रकाशाच्या फेरीशी जुळवून देऊ लागले. आता आरसा काही मायक्रॉन सरकला, तर फेरी वेळेत पुरी करणारा दुसरा रंग प्रकाश धरतो.

हे यंत्र जुळवताना माझा महिना गेला. झोका आठवला, तेव्हा जमले. सरांना सांगायचे मात्र राहून गेले.