कूलंटच्या दिव्याची कुळकथा

गाडीतला कूलंटचा दिवा लागला की बॉनेट उघडून डब्यात थोडे पाणी ओतायचे आणि दिवा विझला की काम झाले असे समजायचे, हा आपल्याकडचा सर्रास रिवाज आहे. काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो, पुन्हा पाणी पडते आणि शेवटी सेन्सरच खराब आहे असा निकाल देऊन त्याच्याकडे पाहणेच बंद होते. या दिव्याचे कूळ तपासले तर चूक कुठे होते ते कळते. पाणी ओतत राहण्याची सवय ज्या काळात लागली, त्या काळात हा दिवा नव्हता. आणि ज्या यंत्रणेच्या राखणीसाठी तो जन्माला आला, तिच्यात वरचेवर पाणी ओतावे लागणे हाच बिघाड आहे.

कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकीत इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होई आणि ती वाफ उष्णता घेऊन जाई. तिथे पाणी इंधनासारखेच खर्ची पडे. १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांतून वारा खेळू लागला, त्यांच्याभोवतीचे पाणी निवू लागले आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागले. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर, अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे आणि रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे. पातळी वरच्या नळीखाली गेली की हे फिरणेच थांबे. म्हणून झाकण उघडून डोळ्यांनी पाणी पाहणे आणि उणे पडलेले भरणे हे चालकाचे नित्यकर्म होते. त्या काळी ते बरोबरही होते.

उपकरणांनी मात्र पाण्याऐवजी उष्णतेचा प्रश्न हाती घेतला. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन बॉइसचे मोटोमीटर आले. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला हा तापमापक चालकाला आपल्या जागेवरून दिसे. त्याचा फुगा पाण्यात नव्हे, तर पाण्यावरच्या वाफेत असे. पुढे तापमानाचा काटा डॅशबोर्डवर आला. १९३० च्या दशकात हडसन कंपनीने काही काट्यांच्या जागी इशाऱ्याचे दिवे बसवले आणि कालांतराने तापमानासाठीही दिवे रूढ झाले. ही सारी साधने इंजिन किती तापले एवढेच सांगतात. तापणे हा परिणाम आहे. पाणी घटणे हे त्याचे एक कारण. शिवाय तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी बरेच कमी झाले की तो पोकळीत उघडा पडतो आणि इंजिन भाजून निघत असताना काटा खालीही येऊ शकतो. इशारा जेव्हा सर्वांत गरजेचा असतो, नेमका तेव्हाच हा साक्षीदार फितूर होतो.

दरम्यान यंत्रणाच बदलली. दाब धरून ठेवणारे झाकण आले. वातावरणाहून एक बार जास्त दाबाखाली साधे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. एथिलीन ग्लायकॉल मिसळले की ही मर्यादा आणखी वर जाते. १९६१ मध्ये आलेल्या रेनो ४ ने बंदिस्त यंत्रणा सामान्य माणसाच्या गाडीत आणली. तापून फुगलेले कूलंट वेगळ्या डब्यात जाई आणि निवल्यावर परत येई. रोज पाणी पाहण्याची गरज संपली, तशी पाहणारी नजरही गेली. तिची जागा पातळीच्या सेन्सरने घेतली. काही गाड्यांत डब्यातल्या तरंगत्या चुंबकाने रीड स्विच चालतो. हा स्विच बेल लॅबोरेटरीजच्या वॉल्टर एलवुडने १९३६ मध्ये शोधला होता. काही गाड्यांत धातूच्या दोन पिना असतात आणि त्या बुडालेल्या असेपर्यंत कूलंटमधून वीज वाहते.

वरचेवर लागणाऱ्या दिव्याचे निदान याच इतिहासातून निघते. दिवा एकाच जागेवर एकच प्रश्न विचारतो: इथे द्रव आहे की नाही? म्हणून आधी त्याचे म्हणणे पडताळावे. सपाट जागी, रात्रभर निवलेल्या इंजिनावर डब्यावरची पातळी खूण करून ठेवावी आणि काही दिवसांनी तशाच स्थितीत पुन्हा पाहावी. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. पातळी जागची हललेली नाही, किमान रेषेच्या वर आहे आणि तरी दिवा लागतो, तर अडकलेला तरंगता भाग, पिनांवरचा थर किंवा गंजलेले कनेक्टर तपासावे. दिवा फक्त थंडगार सकाळी लागून गाडी तापल्यावर विझत असेल, तर पातळी काठावर आहे. निवलेले कूलंट आकसते. पातळी घटतच असेल, तर थंड यंत्रणेत हातपंपाने दाब भरून गळती शोधावी: होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा सांधा, वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र. पायाखालचे कार्पेट ओले आणि वास गोडसर असेल, तर हीटरची जाळी गळते आहे. बाहेर थेंबही दिसत नसेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल, तर तो तपासण्याच्या चाचणीतला निळा द्रव पिवळा पडतो.

कूलंट थोडे कमी व्हायचेच, असे कोणी म्हणेल. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत किंचित घट होते, हे खरे. पण त्याने दर पंधरवड्याला दिवा लागत नाही. सेन्सर खोटे बोलतात, हेही खरे. पण तो आरोप पातळी मोजल्यानंतर सिद्ध व्हायला हवा, मोजण्याआधी नाही. पाणी ओतून गाडी चालते ना, हा आक्षेप सर्वांत रुजलेला आणि सर्वांत महागात पडणारा. दर वेळी ओतलेल्या साध्या पाण्याने ग्लायकॉल आणि गंजरोधक पातळ होतात, उकळबिंदू खाली येतो आणि बोअरचे जड पाणी असेल तर आत क्षारांचा थर धरतो. एका गळतीवरचा हा उपाय पुढच्या गळतीची तयारी करतो. रस्त्यात अडकल्यावर एकदा पाणी घालून गॅरेज गाठणे योग्यच आहे. दिवा दुसऱ्यांदा लागला, तर मेकॅनिककडे बाटलीभर पाणी मागू नये. दाबाची चाचणी मागावी.