इंग्रजीचा पेपर: एका शिरस्त्याचा पूर्वेतिहास

इंग्रजीच्या परीक्षेला बसणारा आपल्याकडील विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात ज्या तीन गोष्टींची उजळणी करतो, म्हणजे अलंकारांची व साहित्यप्रकारांची लक्षणे, नाटक-कादंबरीतील पात्रांचे स्वभाव, आणि प्रास्ताविक, विवेचन व समारोप अशा तीन भागांत बसविलेला निबंधाचा आराखडा, त्या आज इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांनाही कधी काळी आरंभ होता, त्या कोणा एकाच्या सोयीसाठी ठरविल्या गेल्या होत्या, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक या शिरस्त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे; आणि त्याची सुरुवात शोधीत गेल्यास आपण एखाद्या इंग्रजी शाळेत न पोहोचता पेशवाईतील पुण्यात, पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात जाऊन पोहोचतो.

श्रावणमासात या रमण्यात पेशव्यांकडून विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. देशोदेशींचे वैदिक व शास्त्री त्यासाठी पुण्यास येत, त्यांच्या विद्येची परीक्षा होई, आणि ज्याची जशी योग्यता तशी त्याची संभावना केली जाई. ही परीक्षा तोंडी असे. पाठांतराची शुद्धता, सूत्राचा अर्थ लावण्याची हातोटी आणि प्रतिपक्षाच्या आक्षेपाला दिलेले उत्तर यांवरून परीक्षक शास्त्री आपला निर्णय देत. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसारख्या धोरणी मुत्सद्द्याने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही; मात्र तिच्यातील काही रक्कम वळवून 1821 साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा स्थापन करण्यात आली, आणि तेथे न्याय, व्याकरण, अलंकार, ज्योतिष इत्यादी शास्त्रांचे अध्यापन सरकारच्या देखरेखीखाली सुरू झाले. पुढे याच पाठशाळेत इंग्रजीचा प्रवेश झाला, 1851 साली तिचे पूना कॉलेज झाले, आणि 1864 साली तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. दक्षिणेच्या निधीतून पुढे ज्या दक्षिणा फेलोशिप दिल्या गेल्या, त्या महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर या दोघांनाही मिळाल्या होत्या. रमण्यातील दक्षिणेचा पैसा अशा रीतीने शेक्सपिअर आणि बर्क वाचणाऱ्या पदवीधरांच्या पदरात पडला.

पण जुनी परीक्षा आणि नवी परीक्षा यांत एक मोठा फरक होता. 1857 साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांनी करावे, आणि विद्यापीठाने फक्त परीक्षा घेऊन पदव्यांच्या सनदा द्याव्यात, अशी ही व्यवस्था होती. 1859 साली पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली, आणि 1862 साली रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे चौघे या विद्यापीठाचे पहिले पदवीधर ठरले. आता परीक्षकासमोर शास्त्री बसलेला नव्हता, तर कागदांचा गठ्ठा पडलेला होता. उमेदवाराचे नावही ठाऊक नसताना त्याला अमुक इतके गुण आणि दुसऱ्याला तमुक इतके गुण असा निवाडा करावयाचा, तर उत्तराची काही मापे आधी ठरलेली असणे भाग होते. साहित्याची गोडी ही मोजता येण्याजोगी वस्तू नव्हे. पण अलंकार ओळखला की नाही, वाक्य कोणत्या पात्राच्या तोंडचे आहे हे सांगता आले की नाही, निबंधात परिच्छेद पाडले की नाही, हे मोजता येते. उजळणीच्या या तीन बाबींचे मूळ या मोजमापाच्या गरजेत आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती अशी की इंग्रजी साहित्याची परीक्षा ही विलायतेतून तयार होऊन आलेली चीज नव्हती. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम 1894 च्या सुमारास उभा राहिला, केंब्रिजमध्ये त्याला 1917 साल उजाडावे लागले. तोपर्यंत तेथील विद्वानांची निष्ठा ग्रीक आणि लॅटिन यांवरच होती. उलट हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी जी खुली स्पर्धापरीक्षा मेकॉलेच्या समितीच्या शिफारशीवरून 1855 पासून सुरू झाली, तिच्यात एकूण 6875 गुणांपैकी 1500 गुण इंग्रजी निबंधलेखन, साहित्य व इतिहास यांना ठेवलेले होते. म्हणजे हिंदुस्थानात जाऊ इच्छिणारा इंग्रज तरुण आणि हिंदुस्थानातच राहणारा मराठी तरुण हे दोघेही, ऑक्सफर्डने या विषयाला पदवीच्या योग्यतेचा मानण्यापूर्वीच, इंग्रजी साहित्याच्या प्रश्नपत्रिका सोडवीत होते.

अलंकारांच्या बाबतीत आपल्या विद्यार्थ्याची फारशी अडचण झाली नाही. दंडी-मम्मटांच्या परंपरेत वाढलेल्या घरांतून येणाऱ्या मुलाला उपमा, रूपक आणि अतिशयोक्ती यांची लक्षणे समजावून सांगावी लागत नव्हती. त्याला नवी होती ती उत्तराची शिस्त. अ‍ॅबर्डीनचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांचा रचना व अलंकार यांवरील ग्रंथ 1866 साली प्रसिद्ध झाला, आणि परिच्छेदात एकच विषय असावा, पहिल्या वाक्यात तो सूचित व्हावा, अशा नियमांना त्याने शास्त्राची प्रतिष्ठा दिली. ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ हा प्रश्न तर या शिस्तीचा नमुनाच होय. चार ओळी द्यावयाच्या. विद्यार्थ्याने प्रथम ग्रंथ व ग्रंथकार सांगावा, नंतर बोलणारे पात्र, ऐकणारे पात्र व प्रसंग सांगावा, मग सरळ अर्थ लिहावा, आणि शेवटी अलंकार वा एखादा पुराणसंदर्भ असेल तर त्याचा उलगडा करावा. एखाद्या मामलेदाराच्या कचेरीत अर्जाचा तपशील ज्या क्रमाने नोंदविला जाई, त्याच क्रमबद्धतेने कवितेचा जाबजबाब घेण्याची ही तऱ्हा होती.

पात्रांचा प्रश्न मात्र खरोखर नवा होता. आपल्या नाट्यशास्त्राने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे भेद सांगितले होते, आणि अमुक नायक कोणत्या भेदात बसतो हे ठरले की विचार बहुतांशी संपत असे. शेक्सपिअरचा ब्रूटस या कोणत्याच खणात बसेना. तो सत्यनिष्ठ आहे, मित्रद्रोही आहे, राष्ट्रासाठी मित्राला मारतो, आणि अँटनीला प्रेतापुढे भाषण करण्याची परवानगी देऊन स्वतःच्या पक्षाचा घात करतो. त्याचे गुणच त्याच्या नाशाला कारण होतात. अशा पात्राविषयी लिहावयाचे तर पुरावा द्यावा लागतो, कोणत्या प्रसंगावरून कोणता गुण दिसतो ते दाखवावे लागते. विद्यार्थ्यांच्या मदतीला येथलेच प्राध्यापक धावले: डेक्कन कॉलेजच्या सेल्बी यांनी बेकनच्या निबंधांची आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या मायकेल मॅकमिलन यांनी मिल्टनच्या महाकाव्याच्या पहिल्या सर्गांची सटीप आवृत्ती तयार केली, आग्र्याच्या डेटन यांनी शेक्सपिअरची बहुतेक नाटके टीपांसह छापून दिली. ब्रॅडलेचा शोकांतिकांवरील विख्यात ग्रंथ 1904 साली आला, आणि त्यानंतर स्वभावदोषातून होणारा नाश हे सूत्र वर्गावर्गांतून घोकले जाऊ लागले. परंतु त्याही आधी, 1883 साली, आगरकरांनी ‘हॅम्लेट’ला ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले होते, आणि 1890 साली देवलांचा ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’ची व्यथा मराठी प्रेक्षकांपुढे मांडीत होता. उत्तरपत्रिकेत अंगी बाणलेली पात्रपरीक्षा अशा रीतीने रंगभूमीवर आणि नाट्यसमीक्षेत उतरली.

निबंधाची कथा याहून अधिक बोलकी आहे. बेकन, अ‍ॅडिसन आणि मेकॉले हे निबंधकार आदर्श म्हणून समोर ठेवले जात, आणि विद्यार्थ्याने विषयाचा आराखडा आखून, दोन्ही बाजू तोलून, समतोल निष्कर्षावर यावे अशी अपेक्षा असे. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना रानड्यांनी मराठी राज्य आणि इंग्रजी राज्य यांची तुलना करणारा एक निबंध लिहिला. त्यात तोलाचे पारडे मराठ्यांकडे झुकलेले पाहून प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने तहकूब केली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की आक्षेप आराखड्यावर नव्हता, मजकुरावर होता. जी युक्तिवादाची रीत सरकारने आपल्या कारभाराला उपयोगी पडणारे सुशिक्षित निर्माण करण्यासाठी शिकविली, तीच सरकारच्या कारभाराची झडती घेण्यास कामी येऊ लागली. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा मेकॉलेची लांब, तोलदार वाक्ये मराठी वेषात अवतरली, आणि ती इंग्रजांच्या अहंकारावर तुटून पडली. रानड्यांनी तर पुढे आयुष्याच्या अखेरीपर्यंत मराठीला विद्यापीठाच्या परीक्षांत पुन्हा स्थान मिळावे म्हणून खटपट केली. परीक्षेने भाषेला प्रतिष्ठा मिळते, हे त्यांच्याइतके कोणी ओळखले होते?

याची दुसरी बाजूही लपविण्यात अर्थ नाही. मापे ठरली की मापाबरहुकूम माल तयार करणारे दुकानदार येतातच. मूळ ग्रंथ बाजूला राहून त्यावरच्या टीपा, टीपांवरून संभाव्य प्रश्न, आणि प्रश्नांची तयार उत्तरे पाठ करण्याची प्रथा इतकी बोकाळली की 1902 च्या विद्यापीठ आयोगाला घोकंपट्टीवर ताशेरे ओढावे लागले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने खेडोपाडीच्या मुलांना इंग्रजीचा उंबरा ओलांडून दिला हे तिचे उपकार खरेच. नेसफिल्डचे व्याकरण आणि त्यामागून आलेले रेन व मार्टिनचे व्याकरण यांनी पिढ्यानपिढ्यांची वाक्ये सरळ केली. त्यातील रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेला गृहस्थ 1924 साली ‘बो जेस्ट’ ही साहसकथा लिहून विलायतेत गाजला. आपल्याकडे मात्र तो केवळ कर्तरी-कर्मणीच्या उदाहरणांपुरता उरला. 1948 च्या कायद्याने मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाकडून एस.एस.सी. बोर्डाकडे आली, उमेदवारांची संख्या वाढली, तसा साचा अधिकच घट्ट झाला आणि गाईडांचा व्यापार भरभराटीस आला.

तरीही या साच्याला सरसकट दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. शेकडो अनोळखी मुलांना एकाच न्यायाने तोलावयाचे तर परीक्षकाला कोष्टक हवेच, आणि ते आखणे हे त्याचे काम आहे. त्या कोष्टकात काय भरावयाचे हा अधिकार मात्र परीक्षार्थीचा; आणि मराठी गद्याचे सुदैव असे की पहिल्या पिढीतील काही परीक्षार्थींनी तो दुसऱ्या कोणाच्या हवाली केला नाही, मग त्यापायी शिष्यवृत्ती तहकूब झाली तरी बेहत्तर.