कामगाराचे उत्पादन कशाने वाढते?

‘आपला कामगार मन लावून काम करीत नाही’ ही तक्रार मुंबईच्या गिरणीधंद्याइतकीच जुनी आहे. कावसजी दावर यांची गिरणी १८५६ साली सुरू झाली. तेव्हापासून उत्पादन घटले की बोट कामगाराकडे वळत आले आहे. या तक्रारीचा इतिहास काय सांगतो, तेवढेच आम्ही आज येथे मांडणार आहोत.

आरंभी कामाचे तास सूर्य ठरवीत असे. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत गिरणी चाले व आठवड्याची सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला सभा भरवून रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती मागितली. ती सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडावा लागला. पुढे १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि सूर्याची मर्यादाही गेली. काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. कामगार मधूनच खात्याबाहेर जाऊन बसतो, रेंगाळतो, ही गोष्ट १९०८ च्या फॅक्टरी कमिशनपुढे आली. आम्ही विचारतो, पंधरा तास कोणाचे शरीर सारख्या वेगाने चालेल? कायद्याने न दिलेली विश्रांती कामगार आपल्या हाताने घेत होता. कमिशनमधील डॉ. टी. एम. नायर यांनी बहुमताविरुद्ध मत नोंदवून प्रौढ पुरुषांच्या तासांनाही मर्यादा मागितली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत ती बारा तासांवर आणली, १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा, १९४६ साली नऊ. एवढे तास उतरले, पण धंदा काही बुडाला नाही.

दुसरी गोष्ट मालाची. दोन साचे चालविणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, असा आग्रह काही गिरण्यांनी १९२७-२८ साली धरला. विणकराचे म्हणणे साधे होते. कापूस हलका, सूत कच्चे. धागा घडोघडी तुटतो. तो सांधायला एका साच्याशी थांबावे तर दुसरे दोन उभे राहतात. मजुरी विणलेल्या कापडावर, आणि बिघडलेले कापड पुन्हा विणकराच्याच माथी! या व अशा इतर गाऱ्हाण्यांपायी १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले.

तिसरी गोष्ट माणसांच्या मेळाची. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. या निमित्ताने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना चांगल्या मजुरीच्या विणाई खात्यात येऊ दिले जात नसे. हा अडसर सवर्ण कामगारांनीच घातला होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी तो चव्हाट्यावर आणला. कित्येक कुशल हात धंद्याने असे स्वतःच बाहेर ठेवले.

मेळ जमला की काय होते, ते अहमदाबादेत दिसले. कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित साचे बसविले, तरी उत्पादन अपेक्षेइतके वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस यांनी १९५३ साली त्या खात्याची पाहणी केली. एकाच खात्यातील कामाचे डझनभर तुकडे झाले होते आणि कोणाचाच कोणाशी जोड नव्हता. मग लहान लहान गट पडले. सोबती कामगारांनी आपसांत निवडले आणि प्रत्येक गटाकडे ठरावीक साचे पूर्णपणे सोपविले. साचे तेच, कामगार तेच. उत्पादन चढले आणि बिघडलेले कापड कमी झाले.

हा इतिहास आठवण्याचे कारण आहे. कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२५ साली, कामगाराच्या संमतीच्या अटीवर, मान्यता दिली. बारा तास म्हणजे १९११ चा आकडा. ज्याची चूल पगारावर पेटते, त्याची संमती कितपत मोकळी असते, हे आपण सारे जाणता. उत्पादन वाढावे, ही कामगाराचीही इच्छा आहे. कारण त्यातूनच त्याचा पगार निघतो. त्यासाठी आधी सूत पाहा, यंत्र पाहा, विश्रांती पाहा, माणसे एकमेकांशी कशी जोडली आहेत ते पाहा. एवढे पाहून झाल्यावर कामगाराकडे बोट दाखवावे, इतकीच आमची मागणी आहे.