भुलीच्या औषधाचे माहेर

शिरेतून भूल देण्याची पद्धत १९३४ पासून थायोपेंटोनमुळे रुळली आणि १९८६ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आलेल्या प्रोपोफॉलने पुढे त्याची जागा घेतली, हे सर्वश्रुत आहे. परंतु प्रोपोफॉल सिरिंजमध्ये भरण्याचे नियम इतके कडक का, याचे उत्तर भूलशास्त्रापेक्षा स्वीडनमधील आहारशास्त्रज्ञ आर्विड व्रेटलिंड यांच्या कामात सापडते. तोंडाने अन्न घेऊ न शकणाऱ्या रुग्णांसाठी त्यांनी सोयाबीन तेल आणि अंड्याच्या बलकातील लेसिथिन यांचे पायस, म्हणजे पाण्यात तेलाचे सूक्ष्म थेंब धरून ठेवणारे मिश्रण, तयार केले व ते १९६०च्या दशकाच्या आरंभी ‘इंट्रालिपिड’ या नावाने वापरात आले.

प्रोपोफॉल मुळात तेलकट, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे. आयसीआय कंपनीतील पशुवैद्य जॉन ग्लेन यांच्या गटाने आधी ते क्रेमोफोर या द्रावकात मिसळले, पण १९७७ पासूनच्या चाचण्यांत काही रुग्णांना तीव्र ॲलर्जीसदृश त्रास झाल्याने इंट्रालिपिडच्याच धर्तीच्या १० टक्के सोयाबीन तेलाच्या पायसाकडे वळावे लागले. शिरेत निर्धोक ठरलेले वाहन आयते उपलब्ध असताना नवे घडवायचे कशाला, असाच हिशेब त्यामागे असणार.

मात्र जे रुग्णाला पोसते ते जंतूंनाही पोसते. १९९० नंतर अमेरिकेतील सात रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला, तेव्हा तपासात हलगर्जी आढळली: औषध आगाऊ भरून ठेवलेले, एकच सिरिंज अनेकांना वापरलेली. म्हणून दोष केवळ हातांचा, असे एक मत आहे. ते अपुरे आहे, कारण पाण्यात कालवून २.५ टक्के केलेले थायोपेंटोन इतके क्षारधर्मी असते की त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. तीच ढिलाई तेथे बहुधा खपून गेली असती. पुढे जंतुवाढ मंदावणारे ईडीटीए काही उत्पादनांत मिसळले गेले, तरी ॲम्प्युलची मान स्पिरिटने पुसणे, सिरिंज एकाच रुग्णासाठी भरणे आणि भरलेले औषध उत्पादनानुसार ६ किंवा १२ तासांत संपवणे वा फेकणे सुटले नाही.

मात्रेचे गणित तुलनेने सरळ आहे. मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असल्याने ६० किलोच्या धडधाकट प्रौढाला किलोमागे २ मिलिग्रॅम धरल्यास १२ मिलिलिटर लागतात, तेही प्रतिसाद पाहत हप्त्याहप्त्याने. वृद्धांना मात्रा कमी आणि गती संथ, अन्यथा रक्तदाब कोसळतो व श्वास थांबतो.

भुलीचे औषध आणि पोषणाचे पायस यांच्या नात्याचा सर्वांत ठोस पुरावा अतिदक्षता विभागात मिळतो: ताशी २० मिलिलिटरने दिवसभर चाललेल्या प्रोपोफॉलमधून सुमारे ५३० किलोकॅलरी मिळतात आणि आहारतज्ज्ञ तेवढा स्निग्धांश रुग्णाच्या आहारातून वजा करतात.