बंदर-परिचालन, परकीय (न्हावा-शेवा)

सागरी बंदरातील धक्का, क्रेन, कंटेनरांचे आवार आणि त्यांची रोजची हाताळणी ठरावीक मुदतीसाठी परदेशी कंपनीकडे असणे. जमीन व जलमार्ग शासनाकडेच राहतात. कंपनीकडे जाते ते काम, आणि त्या कामातून साठत जाणारी माहिती : कोणत्या जहाजातून काय उतरले, कुठे ठेवले, केव्हा फाटकाबाहेर पडले. सुरक्षेचा विचार करताना धक्क्याच्या मालकीपेक्षा या माहितीला अधिक महत्त्व द्यायला हवे.

पूर्वपीठिका : ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात पैठण व तेर येथील माल गाड्यांतून भडोचला जात असल्याचा उल्लेख आहे. आजचा बीड जिल्हा या दोन पेठांच्या मधला. कल्याण बंदरात शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा संभव असे, असेही त्यात म्हटले आहे. सातवाहन-क्षत्रप संघर्षाशी याचा संबंध बहुतेक अभ्यासक जोडतात. कल्याणवर अंमल बसवणारा नेमका कोण, याविषयी मतभेद आहेत. बंदर दुसऱ्याच्या ताब्यात गेले की घाटावरच्या पेठांचा मार्ग बदलतो, याचा दख्खनमधील हा फार जुना दाखला आहे.

न्हावा-शेवा : उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. जुलै १९९७ मध्ये पी अँड ओ ऑस्ट्रेलिया या कंपनीच्या नेतृत्वाखालील समूहाशी ३० वर्षांचा करार झाला आणि ६०० मीटर धक्क्याचे टर्मिनल (न्हावा शेवा इंटरनॅशनल कंटेनर टर्मिनल, एनएसआयसीटी) उभे राहिले. देशातील हे पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल. २००६ मध्ये जीटीआय (गेटवे टर्मिनल्स इंडिया) हे टर्मिनल सुरू झाले. त्यात डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचा वाटा ७४ टक्के, भारतीय रेल्वेच्या कॉन्कोर कंपनीचा २६ टक्के. सिंगापूरच्या पीएसए कंपनीच्या बीएमसीटी (भारत मुंबई कंटेनर टर्मिनल्स) या टर्मिनलाचा पहिला टप्पा २०१८ मध्ये, दुसरा २०२५ मध्ये कार्यान्वित झाला. बंदराचे स्वतःचे टर्मिनलही २०२२ मध्ये जे. एम. बक्षी व फ्रान्सच्या सीएमए टर्मिनल्स यांच्या समूहाकडे गेले.

मार्च २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने पी अँड ओ ऑस्ट्रेलियाची मूळ कंपनी, लंडनची पी अँड ओ, विकत घेतली. न्हावा-शेवात करारधारक कंपनी तीच राहिली. तिचा मालक मात्र परदेशात झालेल्या सौद्याने बदलला. याच सौद्यावरून अमेरिकेत वादळ उठले आणि डीपी वर्ल्डला तेथील टर्मिनले विकावी लागली. निविदेच्या वेळी केलेली छाननी मालक बदलल्यावरही पुरते काय, हा प्रश्न तेव्हापासून आहे.

छाननी : बंदरक्षेत्रात १०० टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा आहे. गृह मंत्रालयाची सुरक्षा-परवानगी वेगळी लागते; केरळमधील विळिंजम बंदरासाठी चिनी भागीदार असलेल्या समूहाला ती २००६ च्या सुमारास नाकारण्यात आली. एप्रिल २०२० पासून भारताच्या भूसीमेलगतच्या देशांतील गुंतवणुकीला शासनाची पूर्वसंमती आवश्यक आहे. फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, मालाच्या तपासणीला सीमाशुल्क विभाग, ही व्यवस्था टर्मिनल कोणाचेही असले तरी कायम राहते.

२७ जून २०१७ : या व्यवस्थेच्या कक्षेबाहेरचा धोका या दिवशी दिसला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ विषाणूने मर्स्कची जगभरातील संगणकयंत्रणा बंद पाडली आणि जीटीआयचे काम थांबले. क्रेन शाबूत होत्या, धक्का शाबूत होता, पहारा जागेवर होता. पण कोणता कंटेनर आवारात कुठे आहे हे सांगणारी यंत्रणा मुकी झाली होती. काही काम हाताने करावे लागले, माल शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावा लागला. मर्स्कने आपल्या एकूण नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर दिला. अमेरिका व ब्रिटनने हल्ल्यासाठी रशियाला जबाबदार धरले. रशियाने ते नाकारले. हल्ल्याचा रोख भारतावर नव्हता आणि मर्स्क हा मित्रदेशातील समूह. तरीही देशाच्या प्रमुख कंटेनर बंदराचे एक टर्मिनल अडकले. मालक कोणत्या देशाचा एवढ्यावरच थांबणाऱ्या चर्चेत ही घटना क्वचित येते. ती अग्रभागी असायला हवी, आणि परदेशातील संगणकांशी नाते तुटले तरी टर्मिनल चालवता येईल ही अट पुढील प्रत्येक करारात स्पष्ट शब्दांत असायला हवी.

भूसंपादन व विस्थापन : पहा – पाटील, दि. बा.; नवी मुंबई; हनुमान कोळीवाडा.

मराठवाडा : बीड, गेवराई, माजलगाव भागातील कापसाच्या गाठींना सर्वांत जवळचे मोठे कंटेनर बंदर न्हावा-शेवाच. हा माल बंदराशी जोडू शकणारे दोन दुवे : जालन्याच्या शुष्क बंदराचे (समुद्रापासून दूरच्या कंटेनर-ठाण्याचे) भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झाले. बीड-अहिल्यानगर रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली.